म्हणे, घरातलाच एक!

आमच्या घरी पाहुणे आले की एक वाक्य ठरलेले असते. पाहुणे सोफ्यावर पाय वर घेऊन बसतात, माझ्याकडे संशयाने बघतात आणि विचारतात, "चावत नाही ना हो?" त्यावर दादा मोठ्याने हसतात आणि सांगतात, "छे छे! आमचा सोन्या म्हणजे अगदी घरातलाच एक!" एवढे सांगून झाले की मला गॅलरीत नेऊन बाहेरून कडी घालतात.

वाचकहो, मी कुत्रा आहे, पण मठ्ठ नाही. घरातल्या बाकी कोणाला पाहुणे आल्यावर गॅलरीत कोंडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. दादांचे मेहुणे तर आल्यागेल्या प्रत्येकावर भुंकतात, पण त्यांना कोणी कडी घालत नाही. उलट दुसऱ्यांदा चहा देतात. तेव्हा 'घरातलाच एक' ह्या वाक्याचा एकदा सोक्षमोक्ष लावावा, म्हणून हे निवेदन. ह्यात कोणाच्या भावना दुखावल्या तर माझा इलाज नाही. माझ्या भावना दुखावतात तेव्हा मला एक ग्लुकोजचे बिस्कीट देऊन गप्प करतात. आपणही एखादे घ्यावे.

माझे कुळ विचाराल तर गावठी. आई सोसायटीच्या फाटकावर वॉचमनच्या खुर्चीखाली राहायची. वडिलांविषयी घरात मतभेद आहेत. दादा पाहुण्यांना "लॅब्राडोरचा अंश आहे" असे सांगतात, तर आजी म्हणतात, "कसला अंश नि कसलं काय! खरकट्यावर वाढलेलं पोर ते!" मला आजींचे मत जास्त शास्त्रीय वाटते.

मी ह्या घरात आलो तो 2020 सालच्या टाळेबंदीत. त्या दिवसांत माणसाला उंबरा ओलांडायचा तर सबळ कारण लागत असे, आणि 'कुत्र्याला शू लागली आहे' ह्याच्याइतके सबळ कारण दुसरे नव्हते. दादांच्या मनात भूतदयेचा पहिला उमाळा आला तो त्या एप्रिलमध्ये. मला दिवसातून सात-सात वेळा फाटकापर्यंत नेत. माझ्या पोटात तेवढे पाणीसुद्धा नसायचे. मी खांबापाशी नुसता उभा राहायचो आणि दादा समोरच्या इमारतीतल्या तसल्याच एका भूतदयावाद्याशी लांबून गप्पा मारायचे. पण माझी तक्रार नाही. त्या वर्षी मी खरोखरच घरातला एक होतो. कारण घराबाहेर कोणीच नव्हते.

पुढे टाळेबंदी उठली आणि सहली सुरू झाल्या.

कौटुंबिक सहल म्हणजे काय? घरात सुटी सुटी होणारी भांडणे एका गाडीत भरायची आणि चाळीस किलोमीटर लांब नेऊन एकदम करायची. निघायचे ठरते सकाळी सहाला. सहा वाजता वहिनी दादांना उठवतात. सात वाजता दादा वहिनींना विचारतात, "तुझं आवरलं का?" आठ वाजता धपाट्यांचा डबा सापडतो, त्याचे झाकण सापडत नाही. ह्या सगळ्यात साडेपाचपासून दाराशी तयार बसलेला प्राणी एकच, आणि "हा पायात पायात येतोय" म्हणून बोलणी खाणाराही तोच. अखेर गाडी निघते. वडगावच्या पुलाशी पोचल्यावर वहिनी म्हणतात, "गॅस बंद केला होता ना?" गाडी परत फिरते. गॅस बंदच असतो. मी हे त्यांना पुलापाशीच सांगू शकलो असतो; पण मला विचारतो कोण?

मुक्कामी पोचल्यावर माझी करमणूक करण्यात येते. म्हणजे हिरव्यागार माळावर एक लालभडक चेंडू फेकतात आणि ओरडतात, "सोन्या, आण!" आता एक गोष्ट स्पष्टच सांगतो. आम्हां कुत्र्यांना निळा आणि पिवळा हे रंग बरे कळतात. लाल आणि हिरवा ह्यांतला फरक मात्र आमच्या डोळ्यांना फारसा कळत नाही. तुमचा तो लालभडक चेंडू गवतात पडला की आम्हांला गवतासारखाच. मग मी बिचारा नाक जमिनीला लावून वासावर त्याचा माग काढत हिंडतो आणि मागे सगळे खिदळतात, "अरे, समोर तर आहे! किती मठ्ठ!" मी तुम्हांला कधी वासावरून घर शोधायला लावले आहे का? तुमच्या नाकात वासाच्या पेशी पन्नास-साठ लाख, माझ्या नाकात वीस कोटींच्या वर. पण मी कधी कोणाला मठ्ठ म्हटले नाही. हा संस्कारांचा प्रश्न आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सिंहगडावर गेलो होतो. गडावर झुणका-भाकरी झाली, मडक्यातले दही झाले. मेहुण्यांनी यशवंती घोरपडीची दंतकथा सांगून झाली. (घोरपडीचे नाव राहते, ह्याची मी नोंद घेतली.) आणि मग लाडात येऊन त्यांनी माझ्यापुढे चार कांदाभजी टाकली. मी ती खाल्ली; कारण पुढ्यात आलेले खायचे हा आमचा धर्म. पण कांदा आमच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, शिऱ्यातले बेदाणे आमची मूत्रपिंडे बिघडवतात आणि चॉकलेट तर हृदयालाच भिडते, तेही तुमच्या जाहिरातीतल्या अर्थाने नव्हे. त्या रात्री मला झालेल्या उलट्यांचे खापर गडावरच्या पाण्यावर फुटले. भजी निर्दोष सुटली.

पण हे सगळे विनोदी झाले. आता जरा वेगळे सांगतो.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये आम्ही महाबळेश्वरला निघालो होतो. वाटेत एका हॉटेलापाशी गाडी थांबली. दारावर पाटी होती : 'पाळीव प्राण्यांस प्रवेश नाही'. दादा म्हणाले, "पाचच मिनिटं, सोन्या. मिसळ खाऊन येतो." काच दोन बोटे खाली ठेवली आणि मंडळी गेली. बाहेर ऊन होते, आणि दुपारी मिसळ पाच मिनिटांत येत नाही.

बंद गाडीचे गणित असे आहे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतली हवा भराभर तापते. वाढायची ती बरीचशी उष्णता पहिल्या अर्ध्या तासातच वाढून जाते, आणि काच दोन बोटे उघडी ठेवल्याने काडीचाही फरक पडत नाही. तुम्हांला अंगभर घाम येतो. आम्हांला येतो तो पंज्यांच्या तळव्यांना, नावापुरता. आमची सगळी भिस्त धापा टाकण्यावर. आणि भोवतालची हवाच तापली की धापा टाकूनही काही उपयोग होत नाही. मी आधी भुंकलो. मग भुंकणे बंद केले. मग सीटवरून खाली उतरलो, कारण खाली थोडे गार वाटत होते. शेंगदाणे विकणाऱ्या एका पोराने काचेवर टकटक केली आणि आत पळत जाऊन ओरडला, "गाडीत कुत्रं मरतंय कुणाचं!" दादा हातातला पाव तसाच घेऊन धावत आले, हे मला कबूल केले पाहिजे. माझ्या अंगावर पाणी ओतताना त्यांचे हात थरथरत होते, हेही. पण संध्याकाळी महाबळेश्वरला पोचल्यावर ते बाजूच्या खोलीतल्या गृहस्थांना सांगत होते, "जरा उन्हानं बावचळला होता."

मला त्या वेळी लायकाची आठवण झाली. ती मॉस्कोच्या रस्त्यावरची, म्हणजे आमच्यासारखीच गावठी. लायका म्हणजे भुंकणारी. 3 नोव्हेंबर 1957 रोजी तिला स्पुटनिक-2 मध्ये बसवून सहलीला पाठवले. जगभर टाळ्या वाजल्या. परतीचे तिकीट काढलेले नव्हते, हे पाठवणाऱ्यांना ठाऊक होते. तिला ते कोणी सांगितले नव्हते. ती बरेच दिवस जगली, शांतपणे गेली, असे पुढे कैक वर्षे सांगत राहिले. 2002 साली खरे काय ते बाहेर आले. आतली उष्णता वाढून ती काही तासांतच गेली होती. बंद डबा आणि ऊन. वर जाताना तिलाही कोणी तरी नक्की म्हटले असणार, "पाचच मिनिटं हं!"

असो. आता बाळाकडे वळतो.

घरात एक बाळ आधीपासूनच होते. आजी दादांना अजून 'बाळू' म्हणतात, आणि चाळिशी आली तरी त्यांच्या टॉवेलची जागा आजींनाच ठाऊक असते. त्यामुळे दुसरे बाळ येणार म्हटल्यावर मला विशेष काही वाटले नाही. उलट त्या नऊ महिन्यांत मी वहिनींच्या पायाशी पडून असायचो. बाळ पोटात हलले की त्या माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, "सोन्या, तुझा भाऊ येतोय बरं का!" मी भावाच्या स्वागताच्या तयारीने बसलो होतो.

भाऊ आला आणि पहिल्याच दिवशी माझे नाव घेऊन बसला.

पत्रिका बघून, बारसे करून, कानात कुर्रर्र करून त्याला एक भारदस्त नाव ठेवलेले आहे. पण ते कोणी घेत नाही. जो तो पाळण्यात वाकतो आणि म्हणतो, "कुठे गेला माझा सोन्या? ये ये ये!" आता सोन्या म्हटल्यावर मी येणार नाही तर कोण येणार? पाच वर्षे मला हेच शिकवले होते. मी शेपूट हलवत धावत जायचो, की चारी बाजूंनी एकच आवाज, "हट्!" त्या महिन्यात माझे नाव 'हट्' असे पडले. 'बच्चू', 'राजा', 'लबाड' हे माझे बाकीचे शब्दही एकेक करून पाळण्यात गेले. माणसांकडे भाषा एवढी मोठी, शब्दकोशाचे खंडच्या खंड. पण लाडाचे शब्द मात्र सहा. तेही एका वेळी एकालाच पुरतात.

बाळाला पहिल्यांदा ताप आला ती रात्र मला आठवते. काटा 101 वर. सगळे घर जागे. दादा डॉक्टरांना फोन लावताहेत, वहिनी कपाळावर घड्या ठेवताहेत, आजींनी देवाला नारळ बोललेला. मीही बाहेर जागाच होतो. पण एक विचार मनात आल्याशिवाय राहिला नाही. अहो, 101 म्हणजे आमचे रोजचे अंग! आम्ही जन्मभर तेवढेच गरम असतो, आणि आमच्या कपाळावर हात ठेवायचे कोणाला सुचत नाही.

डायपरचा प्रश्नही असाच. बाळाने काही केले आहे किंवा कसे, ह्यावर घरात परिसंवाद होतो. बाळ ह्या हातातून त्या हातात फिरते, प्रत्येकजण हुंगून आपले मत देतो, आणि मतभेद कायम राहतात. वीस कोटींचे नाक कोपऱ्यात बसलेले असताना! पण तज्ज्ञाला न विचारता समिती नेमायची, ही आपल्याकडची जुनीच खोड आहे.

ह्याहून मोठा अन्याय वेगळाच. बाळ जागे होण्याआधी कूस बदलते, मुठी चोखते. ते मला बंद दाराबाहेरून ऐकू येते. मी दाराशी जाऊन हळूच कुंई करतो, म्हणजे वहिनींना वेळेवर कळावे. मिनिटभराने बाळ रडायला लागते. आणि निकाल काय लागतो? "मेल्यानं उठवलं बाळाला!" घड्याळाचा गजर वाजल्यावर सूर्य उगवतो, म्हणून सूर्य गजराने उठवला असे म्हणणारी ही माणसे, आणि मठ्ठ कोण, तर मी!

मग एका रविवारी घरात गंभीर चर्चा झाली. मेहुणे म्हणाले, "केस गळतात त्याचे. बाळाच्या छातीत जातील. आणि जनावर ते जनावर, उद्या काही झालं म्हणजे?" कोणी तरी म्हणाले की मुळशीकडे एका ओळखीच्यांचे शेत आहे. "मोकळी हवा, भरपूर जागा. मजेत राहील तो तिथं." मी एक पाहून ठेवले आहे : मोकळ्या हवेविषयी माणसाचे प्रेम दुसऱ्या कोणाला तिकडे पाठवायचे असले म्हणजेच उफाळून येते.

इथे मला तुमच्या धर्मग्रंथांची आठवण द्यायची आहे. महाभारताची सुरुवातच मुळी एका कुत्र्याच्या तक्रारीने होते. जनमेजयाच्या भावांनी यज्ञापाशी आलेल्या एका पिलाला उगाच मारले. त्याने हविर्द्रव्याला तोंडसुद्धा लावले नव्हते. त्याची आई सरमा थेट यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते, आणि राजाला उत्तर देता येत नाही. शेवट बघाल तर महाप्रस्थान, म्हणजे पाच भाऊ, एक बायको आणि एक कुत्रा अशी ती कौटुंबिक सहलच. वाटेत एकेक गळत गेले. मुक्कामी दोघेच पोचले : धर्मराज आणि कुत्रा. स्वर्गाच्या दारावरही तीच पाटी होती, 'पाळीव प्राण्यांस प्रवेश नाही'. पण धर्मराजाने "पाचच मिनिटं" म्हणून काच खाली केली नाही. तो म्हणाला, कुत्रा येणार नसेल तर मलाही स्वर्ग नको. (पुढे तो कुत्रा कुत्रा नसून साक्षात धर्म होता असे ठरवून आमचे श्रेय काढून घेतले, ते सोडा.)

पुराण नको असेल तर कायदा घ्या. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा 1960 सालचा कायदा आहे. भुकेतहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावराला सोडून देणे हा त्याप्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर किमान 10 रुपये आणि जास्तीत जास्त 50. पन्नास रुपयांत सहलीच्या ठिकाणी दोन माणसांचे चहा-भजी होत नाही. इतक्या वर्षांची इमानदारी तेवढ्यात निकाली निघते. वर तुमची भाषा आहेच : 'हाल कुत्रा खाणार नाही', 'कुत्र्याच्या मौतीने मेला', 'कुत्र्याचे शेपूट वाकडे ते वाकडे'. वाकडे असेल, पण तुम्हांला पाहून हलते ते तेच ना?

त्यानंतरच्या रविवारी सहल निघाली. ह्या खेपेला सगळे वेळेवर आवरून तयार होते, तेव्हाच मला शंका आली. मग डिकीत धपाट्यांच्या डब्याशेजारी माझी ताटली ठेवली. माझे गोणपाट ठेवले. लशींचे पुस्तक ठेवले. संध्याकाळी परत येणाऱ्याला ताटली लागत नाही, हे मला कळते. गॅस बंद केला का, हेही त्या दिवशी कोणी विचारले नाही.

शेत चांगले होते, खोटे कशाला बोलू. दादांनी मला आंब्याला बांधले. माझ्याकडे न बघता माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "चला, निघू या. अंधार होईल." सगळे गाडीकडे गेले. आजी गेल्या नाहीत. त्या अंगणातल्या बाजेवर बसून राहिल्या.

आता आजींविषयी सांगायला हवे. पाच वर्षांत त्यांनी मला एकदाही हात लावलेला नव्हता. मी चुकून घासून गेलो तर लुगडे बदलायच्या. बाळ आल्यावर त्यांची खाट खोलीतून हॉलमध्ये आली, कारण खोलीत पाळणा बसत नव्हता. त्यावर त्या काही बोलल्या नव्हत्या.

"आई, चल ना," दादा म्हणाले.

"बाळू, माझी पिशवी काढ डिकीतून," आजी म्हणाल्या. "मीही राहते इथंच."

"अगं, काहीतरीच काय?"

"काहीतरीच कसं? माझेही केस गळतात. परवा बाळाच्या दुधात निघाला तो माझाच होता. मला खोकला आहे, रात्री मीही आवाज करते. मोकळी हवा चांगली म्हणतोस ना? मग मला नको का मोकळी हवा?"

कोणी काही बोलले नाही. मेहुणे आंब्याचा मोहोर बघू लागले. मग वहिनी गाडीतून उतरल्या, बाळ कडेवर तसेच, आणि एका हाताने माझी गाठ सोडायला लागल्या. ती सुटेना, दादांनी ती पक्की मारली होती. शेवटी दादांनाच यावे लागले. "मी नुसता बघायला आणला होता त्याला," असे काहीतरी ते पुटपुटत होते.

येताना मी आजींच्या पायाशी बसलो. त्यांनी पाय बाजूला घेतले नाहीत. घरी आल्यावर अंघोळ मात्र केली.

तर वाचकहो, माझ्या मागण्या फार नाहीत. चेंडू निळा घ्या. भज्यांतला कांदा तुम्हीच खा. पाच मिनिटे म्हणाल तर पाच मिनिटांत या, नाही तर मला घरी ठेवून जा. घरी मी आनंदाने कंटाळेन. बाळाला आणि मला एकटे सोडू नका, कारण तो माझे डोळे उपटू बघतो आणि मी शेवटी जनावर आहे. आम्हां दोघांच्याही शेजारी एक शहाणे माणूस हवे. आणि पाळायचे असेल तर पाळणा हलल्यावरही पाळा. नसेल जमत, तर आधीच नका आणू. वॉचमनच्या खुर्चीखाली मला 'घरातलाच एक' असे कोणी म्हणत नव्हते. पण तिथून मला कोणी परतही पाठवत नव्हते.

बाळाविरुद्धचे आरोप मी तूर्त मागे घेतो आहे. तो आता रांगतो, आणि त्याच्या हातातले अर्धे बिस्कीट नेमाने खाली पडते. मुद्दाम की चुकून, ह्याची मी चौकशी करत नाही.

परवा पुन्हा पाहुणे आले होते. "घरातलाच एक!" झाले, कडी झाली. थोड्या वेळाने बाळ रडायला लागले. पाहुण्यांना बोलणे ऐकू येईना, म्हणून वहिनींनी त्याला गॅलरीत आणून सतरंजीवर बसवले. मग हॉलमधल्या आपल्या खाटेवर पाहुणे बसलेले म्हणून आजीही आल्या. म्हणाल्या, "सर मेल्या तिकडं!"

मी सरकलो. तिघांना पुरेल एवढी जागा आहे गॅलरीत.